स्वयंभू लिनक्स, आवृत्ती दोन

४ जानेवारी, रविवार सकाळ

नव्या वर्षाचा संकल्प चौथ्या दिवशी लिहितोय, कारण पहिले तीन दिवस वॉलपेपर ठरत नव्हता. आता ठरला. निळा.

संकल्प: या वर्षी सामान्य माणसाच्या डेस्कटॉपवर लिनक्स आणायचंच. लोक चेष्टा करतात की 'डेस्कटॉपवरच्या लिनक्सचं वर्ष' गेली पंचवीस वर्षं येतंय. असेल. त्या पंचवीस वर्षांत मी नव्हतो.

पुढे आठवणी लिहिताना उपयोगी पडेल म्हणून नोंद: लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकट आणि मोकळी सिस्टिम. कुणीही घ्यावी, उघडावी, हवी तशी बदलावी. त्यामुळे तिचे शेकडो अवतार झालेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. इतक्या डिस्ट्रो बघून नवखा माणूस भांबावतो आणि गुपचूप विकतच्या सिस्टिमकडे परत जातो. उपाय उघड आहे. सगळ्यांची जागा घेईल अशी एकच डिस्ट्रो हवी. म्हणून मी आणखी एक काढली. नाव 'स्वयंभू'. पाया दुसऱ्या एका डिस्ट्रोचा आहे, पण नाव, आयकॉन आणि वॉलपेपर संपूर्ण आपले.

टीम: मी आणि सहसंस्थापक. तो दुसऱ्या शहरात दातांचा डॉक्टर आहे. प्रत्यक्ष भेट अजून नाही, पण विचार तंतोतंत जुळतात.

बायकोनं विचारलं की बाथरूमचा नळ महिनाभर गळतोय, तो संकल्पात बसतो का. तिला दूरचं दिसत नाही.

११ जानेवारी

दादाकडे विषय काढला.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. काचबिंदूनं डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. आमच्याकडेच मागच्या खोलीत असतो. हॉस्पिटलातले डॉक्टर तपासणी झाली की बोलून रेकॉर्ड करतात, दादा ते हेडफोनवर ऐकतो आणि रिपोर्ट टाइप करून पाठवतो. त्याचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं त्याला वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगात की आपल्याला वाटावं टेप अडकली. दादाला अक्षर न् अक्षर कळतं. त्या आवाजाला तो 'आमचे कारकून' म्हणतो. डोळे गेल्यावर दोन वर्षं दादा कुणाशी धड बोलला नव्हता. हे काम मिळालं आणि आमचा जुना दादा परत आला.

सध्या जरा काळजीत आहे. हॉस्पिटलात नवीन मॅनेजरबाई आल्यात. रिपोर्ट त्याच दिवशी आणि बिनचूक हवा, नाहीतर काम बाहेरच्या एजन्सीला देणार म्हणाल्या.

दादाची सिस्टिम विकतची आणि जुनी. म्हटलं, सख्ख्या भावाची सिस्टिम घरात असताना परक्याची कशाला? दादानं एकच विचारलं, बोलेल ना? मी म्हटलं, बोलेल काय, गाईल!

१८ जानेवारी

दादाच्या कॉम्प्युटरवर स्वयंभूची स्थापना. सकाळी बसलो तो संध्याकाळी उठलो. जुनी सिस्टिम पूर्ण पुसली. परतीचे दोर कापले की माणूस लढतो. जुन्या सिस्टिमची कॉपी ठेवली का, असं बायकोनं विचारलं. लग्नात नवरदेवाला घोड्यावरून परत फिरायची सोय ठेवतात का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली की घोड्यावर तुम्ही आहात, पडणार भाऊजी.

स्वयंभूचा आवाज चालू झाला. थोडा जबडा बांधलेल्या माणसासारखा येतो. वेग वाढवला की शब्द खातो. दादा बराच वेळ मान वाकडी करून ऐकत राहिला. मग म्हणाला की सवय होईल, नवीन कारकून आहे, रुळायला वेळ लागणारच.

पहिला समाधानी वापरकर्ता!

२४ जानेवारी

दादाच्या काही तक्रारी आहेत. एकदा उघडलेला रिपोर्ट आवाज मधूनच वाचायला लागतो. अंक गाळतो. मी त्याला शिस्त समजावली: तोंडी तक्रार चालत नाही, आपल्या वेबसाइटवर बग, म्हणजे दोष, नोंदवायचा, निकाली निघाला की बंद करायचा. घरचा असला म्हणून नियम वाकवले तर संस्था उभी राहत नाही.

दुपारी दादा म्हणाला की बग नोंदवायचं पान आवाज वाचतच नाही. मी म्हटलं, मग हा पण एक बग आहे, तोही नोंदव.

तो हसला. दादाचा स्वभाव मुळात खेळकर.

३० जानेवारी

टीम फुटली.

कारण तत्त्वाचं होतं. पडद्यावरची पट्टी खाली असावी असं माझं मत. ती डावीकडे असावी असा सहसंस्थापकाचा हट्ट. नऊ दिवस ईमेलवर वाद झाला. शेवटी मी लिहिलं की दात काढणाऱ्याला तोंडाच्या डाव्या बाजूची सवय असेल, डोळ्यांचं आम्हाला शिकवू नये. त्यानं आज स्वतःची डिस्ट्रो जाहीर केली, 'मूळ स्वयंभू'. वॉलपेपर आमचाच, फक्त हिरवा.

एका अर्थी बरं झालं. आता सगळे निर्णय एकमतानं होतील.

आवाजाचं खातं त्याच्याकडे होतं. ते आता मी बघेन.

५ फेब्रुवारी

मोठी बातमी. कॉम्प्युटर हौशी मंडळाचं बोलावणं आलं. विषय: 'डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी लिनक्सचं भवितव्य'. एकवीस तारखेला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. घोडामैदान जवळच आहे.

नुसतं बोलून लोक हलत नाहीत. त्यांना जिवंत माणूस दाखवायला हवा. ठरवलं: भाषणानंतर दादा सगळ्यांसमोर स्वयंभूवर काम करणार. डोळस माणसं विचारात पडतील की याला जमतं तर आपल्याला का नाही. दादाला सांगितलं तर म्हणाला, मी काय प्रदर्शनात बसू? मी म्हटलं, माझ्यासाठी. मग तयार झाला. लहानपणीही 'माझ्यासाठी' म्हटलं की तयार व्हायचा.

त्याआधी आवृत्ती दोन काढायची. पडदा रंगवणारी आतली जुनी यंत्रणा फेकून नवी घालणार. सगळ्या मोठ्या डिस्ट्रो तिकडेच चालल्यात. भवितव्यावर बोलायचं आणि जुनं चालवायचं, हे शोभत नाही.

११ फेब्रुवारी

ऑफिसला दांडी. (आमच्या स्टोअर्स खात्यात अजून विकतचीच सिस्टिम आहे. नाइलाज. भाषणाची पानं तिथेच प्रिंट करावी लागली, कारण स्वयंभूला प्रिंटर दिसत नाही.)

दादाच्या खोलीतला फोन मी उचलला. मॅनेजरबाई होत्या. म्हणाल्या, कालचा रिपोर्ट आज सकाळी आला. मी त्यांना मोकळ्या सॉफ्टवेअरची चळवळ थोडक्यात सांगितली. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं की आजचे रिपोर्ट कधी येतील.

दुपारी बायकोनं शिवणाचं मशीन बंद ठेवलं आणि दादाशेजारी बसून त्याला पडदा वाचून दाखवला. संध्याकाळपर्यंत सगळे रिपोर्ट गेले. दोघांचा वेळ छान गेला. बायको बाहेर आल्यावर मात्र माझ्याशी बोलली नाही. घसा बसला असावा.

१५ फेब्रुवारी, रविवार

आवृत्ती दोन तयार! देखणी आहे, स्वतःचं म्हणून सांगत नाही.

नव्या यंत्रणेत एकच गोष्ट बसली नाही. कॉम्प्युटरला कुलूप लागतं, म्हणजे पासवर्ड विचारणारा पडदा येतो, तिथे आवाज चालत नाही. दोन रात्री झटापट केली, मग शांतपणे विचार केला. त्या पडद्यावर वाचण्यासारखं असतं काय? वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्डची चौकट. दादाला स्वतःचं नाव माहीत आहे. पासवर्डही माहीत आहे. आवाज काढून टाकला. सिस्टिम हलकी झाली.

सुरक्षाही कडक केली. दोन मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की आपोआप कुलूप.

दादा आंघोळीला गेला तेवढ्यात त्याच्या कॉम्प्युटरवर आवृत्ती दोन चढवली. सरप्राइज.

१७ फेब्रुवारी

दादाचं काम सकाळपासून अडलंय. बायको म्हणते, तो डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकायला जरा थांबतो, तेवढ्यात कुलूप लागतं, त्याला कळत नाही, तो टाइप करत राहतो आणि ते सगळं पासवर्डच्या चौकटीत जातं. रिपोर्टमध्ये काहीच उमटत नाही. तिनं विचारलं की ते कुलूप नुसतं बंद नाही का करता येत.

येतं. पण प्रश्न तो नाही. आज एकासाठी कुलूप काढलं की उद्या दहा जण मागतील. बायको म्हणाली की वापरतोय तो एकच.

एकवीस तारखेनंतर बघतो. आता भाषणावर लक्ष.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

कार्यक्रम झाला. घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. पुढच्या दोन रांगा तर नक्कीच. मी वीस मिनिटांऐवजी पाऊण तास बोललो, कारण लोक ऐकत होते. एकी हवी, फाटाफूट नको, सामान्य वापरकर्ता केंद्रस्थानी हवा, हे मुद्दे चांगले उतरले. सहसंस्थापकाचं नाव घेतलं नाही, फक्त हिरव्या रंगाबद्दल दोन शब्द बोललो.

मग दादाला टेबलाशी बसवलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉम्प्युटर प्रोजेक्टरला जोडलेला, मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल असा. डॉक्टरांच्या बोलण्याचं नमुन्याचं रेकॉर्डिंग फोनवर लावलं. दादानं कीबोर्डवर बोटं ठेवली, क्षणभर थांबला आणि माझ्याकडे तोंड करून हळूच विचारलं की चालू आहे ना रे, आवाज येत नाहीये. मी माइकमधून मोठ्यानं म्हणालो, चालू आहे, बिनधास्त लिही!

तो लिहायला लागला. मी लोकांकडे तोंड करून समजावत होतो की बघा, किती सहज. आधी कुणीतरी खुसखुसलं. मग मागून मोठ्यानं हसू आलं. मी वळून पाहिलं. माझ्या भाषणाच्या वेळेत कुलूप लागलं होतं. त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर स्वयंभूचा निळा वॉलपेपर, मधे पासवर्डची चौकट, आणि तिच्यात काळे ठिपके सरकत होते. अख्खा रिपोर्ट ठिपक्यांत. दादाची बोटं काय सुंदर चालतात! एकदाही अडखळला नाही. लोक का हसतायत हे त्याला कळेना, म्हणून तोही थोडं हसला आणि लिहीत राहिला.

मी माइकमधून सांगितलं की ही आपल्या कडक सुरक्षेची चाचणी होती. टाळ्या पडल्या.

रिक्षात दादानं विचारलं की नीट उमटलं का. मी म्हटलं, उत्तम. बायको बाहेर बघत होती.

२२ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. कन्येचा फोन. ती लांबच्या शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आईनं सगळं कळवलेलं दिसतंय. म्हणाली की तिचा जुना लॅपटॉप उद्याच पाठवते, मोठ्या काकांना लागतो तो आवाज त्यात आहे, परवा काम सुरू होईल. मी तिला सांगितलं की या घरात परक्या सिस्टिमला जागा नाही.

ती म्हणाली, मग काकांना फोन द्या. दिला. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की राहू दे बेटा, बाबा दुरुस्त करतोय तुझा, आता इतकं केलंय त्यानं.

याला म्हणतात विश्वास. कन्येनं यातून शिकावं.

संकल्प: या आठवड्यात कुलुपाच्या पडद्यावर आवाज आणायचाच.

२६ फेब्रुवारी

ऑफिसात वर्षअखेरीची मालमोजणी, त्यामुळे हात लावता आला नाही.

दादाचं काम गेलं.

काल एक रिपोर्ट अर्धाच गेला. मधला भाग कुलुपात अडकला आणि आवाजानं वाचून दाखवताना ती तूट लक्षात येऊ दिली नाही. त्या भागात पेशंटला कुठलं औषध चालत नाही ते होतं. मॅनेजरबाईंनी वेळेवर पकडलं, म्हणून निभावलं. आज त्या स्वतः घरी आल्या. चांगल्या वागल्या. म्हणाल्या की इतक्या वर्षांत तुमची एक चूक नव्हती, म्हणून फोनवर सांगायला जड गेलं. दादानं त्यांना बसायला सांगितलं, पाणी द्यायला सांगितलं. चूक माझीच, असं म्हणाला. कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही.

मी स्वयंपाकघरात उभा होतो. बाहेर यायला हवं होतं. चहा उतू जाईल म्हणून थांबलो.

चहा ठेवलेला नव्हता.

संध्याकाळी कुलूप बंद केलं. सेटिंगमध्ये एक टिक असते, ती काढायची. झालं. दादाला जाऊन सांगितलं की आता आपोआप कुलूप लागणार नाही. तो बरं म्हणाला.

१ मार्च

सकारात्मक विचार करायचा. दादाला आता वेळच वेळ आहे. त्याला स्वयंभूचा पूर्णवेळ परीक्षक नेमलं. त्यानं उत्तर दिलं नाही, म्हणजे नकारही दिला नाही.

सकाळी खोलीत डोकावलो. दादा खुर्चीत बसला होता, बोटं कीबोर्डवर, आणि टाइप करत होता. कॉम्प्युटर बंद होता. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. आत जाऊन बोलावं असं वाटलं. मग नळवाल्याला फोन केला. तो म्हणाला येतो.

८ मार्च

यश! कुलुपाच्या पडद्यावर आवाज आला!

धावत जाऊन दादाला माझ्या टेबलाशी घेऊन आलो. आवाज म्हणाला, बटण. मी पुढच्या चौकटीवर गेलो. म्हणाला, बटण. नावावर गेलो, पासवर्डवर गेलो. बटण, बटण. कशालाही बटणच म्हणतो, पण बोलतो. दादा उभ्या उभ्या ऐकत होता. म्हणाला, छान. मग भिंतीला हात लावत खोलीकडे परत गेला. या घरात त्याला भिंत धरून चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

१४ मार्च

ताईचा फोन येऊन गेला म्हणे. मला आज कळलं. ताई आमची थोरली बहीण, तिच्या यजमानांचं गोदाम आहे. तिथे फोन घ्यायला माणूस हवाय. येणाऱ्या गाड्यांचे नंबर तोंडी घ्यायचे आणि तोंडी सांगायचे. दादा जातोय.

मी विरोध केला. म्हटलं, तुझ्यासारख्या टायपिस्टनं गाड्यांचे नंबर घ्यायचे? दादा म्हणाला की फोन बोलतो.

१७ मार्च

दादा गेला. दोन बॅगा, काठी, रेडिओ. कॉम्प्युटर नेला नाही. मी म्हटलं, घेऊन जा, तुझाच आहे. म्हणाला, तिथे जागा नाही.

जिन्यात मी त्याचा हात धरला. सांगितलं की पुढच्या आवृत्तीत सगळं व्यवस्थित होणार आहे, अगदी जवळ आलोय. दादा म्हणाला, कळव. मग विचारलं की रिक्षा आली का. आली होती.

बायको रिक्षा वळेपर्यंत खाली उभी राहिली. वर आली आणि शिवणाला बसली. तिनं मला काही बोलावं म्हणून मी मुद्दाम दोनदा पाणी प्यायला गेलो. मशीन चालूच राहिलं.

२२ मार्च, रविवार

कामाला लागायलाच हवं. दादाच्या टेबलावरचा मॉनिटर माझ्या टेबलावर आणला. दोन पडदे असले की काम भराभर होतं.

मग लक्षात आलं की त्याच्या कॉम्प्युटरवर नवीन अपडेट चढवून बघायला हवं. मॉनिटर परत न्यायचा कंटाळा आला. म्हटलं, दादा कुठे पडदा बघायचा? खुर्चीत बसून बटण दाबलं. पंख्याचा आवाज सुरू झाला. त्यानंतर काही नाही. 'बटण' एवढंसुद्धा नाही. पासवर्ड टाइप केला, एंटर दाबलं. आत गेलो की नाही कळेना. पुन्हा टाइप केला. आधीचा पासवर्ड चुकला होता की बरोबर होता आणि आता मी भलतंच काही लिहितोय, तेही कळेना. ही सिस्टिम मी बनवली आहे. मला तिची प्रत्येक चौकट माहीत आहे. तरी पुढचं बटण कुठलं दाबायचं ते ठरेना.

बायको दारात येऊन उभी राहिली. काय झालं विचारलं. म्हटलं, काहीतरी होतंय किंवा काहीच होत नाहीये, समजत नाही. ती म्हणाली की भाऊजी असेच बसायचे. सकाळपासून जेवणापर्यंत. यांना हाक मारू का विचारलं तर म्हणायचे, नको, काम चाललंय त्याचं.

ती गेल्यावर पंखा थांबेपर्यंत बटण दाबून धरलं.

मग माझ्या टेबलाशी येऊन रीतसर बग नोंदवला. 'कॉम्प्युटर सुरू होताना आवाज नाही. ज्या माणसाला दिसत नाही त्याला पुढे काहीच करता येत नाही.' नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न आला: सध्या किती वापरकर्त्यांना हा त्रास आहे?

खरं तेच भरलं. एकालाही नाही.

बग बंद केला.